जनावरांत साथ आली, आता तळंही सांभाळा

2022 चा सप्टेंबर. लम्पी गावात शिरून दोन आठवडे झाले होते. पहाटे साडेपाचला तळ्यावर गेलो, तर काठाकाठाने कटला आणि रोहू तोंड वर काढून आ वासत होते. सांडव्याच्या अंगाला बेशरमाच्या झुडपात एक गाय अडकलेली, पोट फुगून पाय वर. रात्रीच्या पावसात ओढ्याने आणून सोडली होती. वर शोधत गेलो तेव्हा ओढ्यात आणखी दोन जनावरं सापडली. आभाळ दोन दिवस झाकोळलेलं, वारा पडलेला. दुपारपर्यंत आम्ही मेलेली मासळी पाट्या भरभरून काढत होतो. आमच्या मच्छीमार संस्थेतले एक वयस्कर काका पाटी खाली ठेवून म्हणाले, “मासळीलाबी लम्पी झाला का रं?”

नाही. लम्पी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, बर्ड फ्लू यांतला एकही आजार आपल्या रोहू-कटल्याला होत नाही. मासे मरतात ते साथीच्या धांदलीत आपण जे करतो त्याने. मेलेलं जनावर ओढ्याला लावतो, गोचिडाचं औषध मारलेली गुरं तळ्यात घालतो, काठावर ब्लीचिंग पावडर ओततो. हे सगळं आपल्या हातातलं असल्यामुळे टाळताही येतं. मत्स्य संस्था, तळ्याचा ठेका घेतलेले, शेततळ्यात मासे सोडलेले आणि नुसती हौसेने गळ टाकणारे, सगळ्यांसाठी हे क्रमाने लिहितो आहे.

साथ येण्याआधी: खड्ड्याची जागा

सगळ्यात महत्त्वाचं काम साथ नसताना करायचं असतं, म्हणून तेच कोणी करत नाही. मेलेलं मोठं जनावर पुरायची जागा उन्हाळ्यातच ठरवा. पावसाळ्यात, रात्री दहाला, जेसीबीवाला दारात उभा असताना जागा शोधायला निघालात तर ती ओढ्याकाठीच सापडते, कारण पडीक जमीन तिथेच असते.

जागा बघताना आधी उतार बघा. तिथे पडलेलं पावसाचं पाणी कुठे जातं? पहिल्या जोराच्या पावसात तिथे उभं राहून बघितलंत तर नकाशाची गरज पडत नाही. मग माती बघा. मुरमाड जागेत खणायला सोपं जातं, पण मुरूम पाणी धरत नाही. कुजलेल्या अंगातून सुटलेला द्रव सरळ खालच्या विहिरीत नाही तर पाझर तलावात उतरतो. एका मोठ्या जनावरातून पहिल्या दोन महिन्यांत शंभर-दीडशे लिटर द्रव बाहेर पडू शकतो, तेव्हा हा विचार करावाच लागतो. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती तुडुंब होते. त्यातल्या त्यात पुराच्या रेषेच्या वरची, जाड मातीची, उंचवट्याची जागा बरी. एकदा आठ-दहा फूट खणून दुसऱ्या दिवशी बघा. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर ती जागा सोडा.

अंतर किती ठेवायचं? 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूतची मोठी साथ आली, 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि पुरलेल्या-जाळलेल्या जनावरांपासून पाणी कसं वाचवायचं हा तिथे मोठाच प्रश्न झाला. साथ पसरू नये म्हणून नदीकाठच्या पायवाटा बंद झाल्या, गळ टाकणाऱ्यांना महिनोन्‌महिने काठावर जाता आलं नाही. तिथे पुरण्यासाठी वापरले जाणारे आकडे असे: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून 250 मीटर, ओढा-नदीपासून 30 मीटर, शेताच्या चरापासून 10 मीटर, खड्ड्याच्या तळाखाली मीटरभर कोरडी माती आणि वर मीटरभर भर. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे ओढ्यापासूनचे 30 मीटर मला कमीच वाटतात. शक्य असेल तिथे शंभर धरा.

जागा ठरली की ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना एकदा दाखवून ठेवा. जेसीबीचा खर्च कोणी द्यायचा हेही त्याच ठरावात लिहा. रात्रीत जनावर ओढ्यात जातं त्याचं कारण बहुतेक वेळा हा खर्चच असतो, दुष्टपणा नसतो. आधीच एक गाय गेलेल्या माणसाने खड्ड्यासाठी आणखी दोन-तीन हजार कुठून काढायचे?

पहिलं जनावर आजारी पडलं त्या दिवशी

1962 या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार हे कळवणं मालकावर बंधनकारक आहे. रोगी जनावराचं मढं नदी, तळं, कालवा किंवा कुठल्याही पाण्यात टाकणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, पुन्हा केलं तर दंड 5,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

दंडाची भीती घालून फारसं काही होत नाही, हे मी पाहिलं आहे. त्यापेक्षा दुसरा हिशोब सांगा. 2022 मध्ये राज्य सरकारने लम्पीने गेलेल्या गायीमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये दिले. ही मदत पंचनामा झाला तरच मिळत होती, आणि वाहून गेलेल्या जनावराचा पंचनामा होत नाही. त्या वर्षी ओढ्याला लावलेली गाय म्हणजे पाण्यात सोडलेले 30,000 रुपये. एवढं वाक्य माणसाला लगेच कळतं.

त्याच दिवशी आजारी जनावर तळ्यावर पाण्याला नेणं बंद करा, गोठ्यातच बादलीने पाजा. निरोगी गुरांसाठी वेगळा हौद असेल तर उत्तम. आणि मासेमारी करणाऱ्यांना निरोप द्या. पाण्यावर सकाळी सगळ्यात आधी तेच पोहोचतात, त्यामुळे काही वेगळं दिसलं तर आधी त्यांनाच दिसतं.

जाळं, गमबूट, तराफा

इथे आपल्या मच्छीमारांनी स्वतःकडेही बघायला हवं. आठवड्यात तीन गावांची तळी करणारा माणूस ओलं जाळं, थर्माकोलचा तराफा आणि चिखलाचे बूट एका गावातून दुसऱ्या गावात नेतो. लाळ्या-खुरकूतचा विषाणू अशा चिखलातून, शेणातून, टेम्पोच्या चाकांतून सहज पुढे जातो. बहुतेक मच्छीमारांच्या दारात शेळ्या बांधलेल्या असतात, त्यांनाही हा आजार होतो. साथ चालू असेपर्यंत एक जाळं एका गावापुरतंच ठेवा. जमत नसेल तर हे करा.

आधी चिखल खरवडून काढा, कारण चिखलावर कुठलंच औषध चालत नाही. मग 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा आणि बूट, तराफ्याचा तळ, टेम्पोची चाकं त्याने ओली करून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला आम्ल आणि अल्कली दोन्ही सोसत नाहीत, म्हणून साधा सोडाही पुरतो. जाळं साबणाच्या पाण्यातून काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. हे सगळं पाण्यापासून लांब, मातीवर करा. धुवण काठावर ओतलंत तर एका गावची गुरं वाचवून दुसऱ्या गावचे मासे मारल्यासारखं होईल.

गोचीड-माशांचं औषध: खरा घातक भाग

लम्पी पसरतो तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे. त्यामुळे साथ आली की प्रत्येक गोठ्यात फवारणी सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. पण सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं गायीच्या अंगावर जितकी सुरक्षित, तितकीच माशांना आणि झिंग्यांना जालीम. लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतक्याशाने प्रयोगशाळेत मासे दगावतात.

हिशोब करून बघा. एक एकराचं, सरासरी मीटरभर खोल तळं म्हणजे साधारण 40 लाख लिटर पाणी. दहा टक्के सायपरमेथ्रिनच्या 100 मिलीच्या बाटलीत 10 ग्रॅम औषध असतं. ते त्या पाण्यात सारखं मिसळलं तर लिटरला अडीच मायक्रोग्रॅम होतं. तळहातावर मावेल एवढी एक बाटली आणि एकरभर पाणी! प्रत्यक्षात बरंचसं औषध गाळाला चिकटतं, पण काठाजवळ, जिथे लहान बीज फिरतं तिथे, मात्रा या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून औषध पाण्यात कालवायचं ते गोठ्यात, तळ्यावर बादली नेऊन नाही. फवारताना जनावर मातीवर बांधा. सिमेंटच्या कोब्यावर फवारलं तर सगळं मोरीतून ओढ्याला जातं. पंप आणि बादली धुतलेलं पाणी बांधाच्या वर, झाडोऱ्यात जिरवा. रिकामी बाटली पाण्यात बुडवून विसळू नका. पाऊस तासाभरात येईल असं दिसत असेल तर फवारणी उद्यावर ढकला. आणि फवारलेलं जनावर निदान आठवडाभर तळ्यात, ओढ्यात घालू नका.

शेवटची गोष्ट सांगायला सोपी, पाळायला कठीण, कारण लम्पीचा जोर असतो तेव्हाच पोळा येतो. खांदेमळणीच्या आधी बैलाला पाण्यात घालून, पाठ घासून आंघोळ घालायची हौस मलाही आहे. पण साथीच्या वर्षी पन्नास फवारलेले बैल एका दुपारी त्याच डोहात उतरले तर संध्याकाळी डोहात काय उरेल? त्या वर्षी बैल दारातच ड्रमच्या पाण्याने धुवा. बैलांनाही ते बरं, एकमेकांत मिसळत नाहीत.

पाण्यात मढं दिसलं तर

आधी मासेमारी थांबवा आणि तिथून पाणी उपसणाऱ्यांना सांगा. मोबाईलवर फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा 12 आकडी क्रमांक टिपून घ्या. मालकाला धरायचं म्हणून नाही, साथ कुठून आली हे दवाखान्याला त्यावरून कळतं.

नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलेलं दिसलं तर अजिबात हात लावू नका. ती काळपुळी असू शकते. असं जनावर फाडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत कित्येक दशकं टिकतात, माणसालाही आजार होतो. डॉक्टर येईपर्यंत कुत्री आणि गुरं लांब ठेवणं एवढंच आपलं काम.

एरवी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपला ग्रामसेवक, आणि पशुवैद्यकीय कर्मचारी यांच्यासमोर मढं काढा. पाय धरून ओढू नका. चार दिवस पाण्यात राहिलेला पाय हातात येतो आणि पोट फुटलं तर सगळी घाण पाण्यातच जाते. जुनं जाड जाळं किंवा ताडपत्री खालून सरकवायची, दोन्हीकडून दोर घ्यायचे आणि काठावर उभ्या ट्रॅक्टरने सावकाश ओढायचं. हातमोजे, गमबूट हवेतच. ज्याच्या हातापायाला जखम आहे त्याने पाण्यात उतरू नये. जनावराच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि ते कापल्या-खरचटल्या जागेतून शिरतात. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

मढं काढल्यावर पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकू नका. पंचायतीत कोणीतरी हे सुचवतंच. विहिरीला मोजून टाकायची ती पावडर तळ्यात टाकली तर क्लोरीनने उरलेसुरले मासेही जातात.

मासे तोंड वर काढू लागले की

मढं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि पहाटे सूर्य उगवण्याआधी तो एरवीही सगळ्यात कमी असतो. मासे नुसते सकाळी वर येऊन उन्हं चढल्यावर खाली जात असतील तर प्राणवायू कमी पडतोय, अजून वेळ आहे. दुपारीही वरच असतील, गरगर फिरत, एका अंगावर तिरपे होत असतील तर औषधाचा संशय घ्या. झिंगे आणि पाणकिडे माशांच्या आधी मेलेले दिसले तर तो संशय आणखी पक्का. सडण्याने बहुधा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांना प्राणवायू जास्त लागतो.

प्राणवायूचा प्रश्न असेल तर खाद्य आणि शेणखत त्या क्षणी बंद. मोटर लावून त्याच तळ्याचं पाणी उचला आणि उंचावरून, पाटीतून किंवा भोकं पाडलेल्या पाइपातून फवाऱ्यासारखं परत पाडा. मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत चालू ठेवा. विहिरीचं ताजं पाणी मिळत असेल तर सोडा, मात्र तेही असंच उंचावरून. विक्रीजोगे मासे असतील तर थोडे काढून गर्दी कमी करा.

इथे एक चूक जुने मत्स्यशेतकरीसुद्धा करतात: पाणी बिघडलं की चुना मारायचा. एरवी ते बरोबर आहे. पण मढं कुजून पाण्यात अमोनिया वाढलेला असतो. 25 अंश तापमानाला, पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) 7 असताना त्या अमोनियातला विषारी भाग शंभरात एकही नसतो. पीएच 9 झाला की तोच भाग तिसऱ्या हिश्शाच्या वर जातो. चुन्याने पीएच चढतो आणि आपल्याच हाताने विष तयार होतं. पीएच आणि अमोनिया तपासायचे साधे किट मत्स्यखाद्याच्या दुकानात मिळतात. तपासल्याशिवाय चुन्याला हात लावू नका.

कोंबड्यांची साथ आणि पाणपक्षी

देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा निघाला तो आपल्याच नवापुरात, फेब्रुवारी 2006 मध्ये. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात निघाला, 2025 मध्ये उदगीरला कावळे मेले. याचा विषाणू बदकं आणि पाणपक्षी यांच्या विष्ठेतून पाण्यात येतो आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो. म्हणून भिगवणला उजनीच्या पाण्यावर, नांदूर मधमेश्वरला, जायकवाडीला हिवाळ्यात मासेमारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: काठावर एकाच दिवशी चार-पाच पक्षी मेलेले दिसले तर उचलायचे नाहीत, वन विभागाला आणि 1962 ला कळवायचं. नावेत बदकं-कोंबड्या न्यायच्या नाहीत. घरी कोंबड्या असतील तर तळ्यावरचे बूट खुराड्यात न्यायचे नाहीत. बाधित जागेभोवतीचा 1 किलोमीटर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंतचा पट्टा निगराणी क्षेत्र धरतात. त्यात तुमचं तळं येत असेल तर मासे बाहेर काढण्याआधी विचारून घ्या.

एका गोष्टीवर मला स्पष्टच बोलायचं आहे. साथीत मेलेल्या कोंबड्या फुकट मिळतात म्हणून त्या थाई मांगूर या मांसाहारी माशाच्या तळ्यात टाकल्या जातात. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. त्या तळ्याचं पाणी पावसाळ्यात ओढ्याला मिळतं आणि साथ पोल्ट्रीतून थेट पाण्यात पोहोचते. शेजारी असं तळं दिसलं तर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे लेखी तक्रार करा. शेजारधर्म म्हणून गप्प बसू नका, तुमचं पाणी त्याच ओढ्याचं आहे.

खायचं-विकायचं काय

लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे लम्पीच्या गावातला मासा खाल्ला म्हणून काही होत नाही. जिवंत पकडलेला, चपळ, लाल कल्ल्यांचा मासा नीट शिजवून खा. पण मेलेला तरंगता मासा विकायचा नाही, सुकवायचा नाही, कोंबड्या-डुकरांना घालायचा नाही. औषधाचा संशय असेल तर जिवंत मासाही अहवाल येईपर्यंत काढायचा नाही. मोह होतो, हे मला ठाऊक आहे. बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की चिकनची मागणी पडते आणि मासळीचा भाव चढतो. पण एकदा ‘त्या तळ्याची मासळी’ असं नाव पडलं की बाजार वर्षभर हात लावत नाही.

कागद आणि नमुने

नुकसान झालं तर पहिल्याच दिवशी तलाठी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय, दोघांना लेखी कळवून पोच घ्या. पाण्याचा नमुना एक लिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात ठेवा. नुकत्याच मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या तीन-चार माशांचा नमुना वेगळ्या पिशवीत, तोही बर्फात. कुजलेला मासा प्रयोगशाळेत काही सांगत नाही. पाण्याचं प्रकरण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाकडे द्या. मेलेली मासळी पुरण्याआधी वजन करून, काट्यासह फोटो काढा. आमच्या वेळी आम्ही आधी पुरली आणि मग पंचनाम्याला माणसं आली. तेव्हा दाखवायला आमच्याकडे रिकाम्या पाट्या होत्या. पुरायची जागाही गुरांच्या खड्ड्यासारखीच, पाण्यापासून लांब.

पुन्हा बीज सोडण्याआधी

घाई करू नका. मढं काढल्यावर पाणी सुधारायला हंगाम, पाऊस आणि तळ्याची खोली यावर काही आठवडे लागू शकतात. हिरवट रंग परत आला, पाणकिडे दिसू लागले, पहाटे मासे वर येईनासे झाले की एक हापा (जाळीचा छोटा पिंजरा) काठाजवळ आणि एक ओढ्याच्या तोंडाशी लावा. प्रत्येकात दहा-दहा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, खाद्य न घालता तीन दिवस ठेवा आणि रोज सकाळी सहाला मोजा. ओढ्याच्या तोंडाशी मेली आणि काठाला जगली, तर घाण अजून वरून येते आहे. मग ओढ्याने वर चालत जाऊन गोठे, मोऱ्या आणि खड्डे पुन्हा बघून या. दोन्हीकडची वीसच्या वीस तिसऱ्या सकाळी चपळ दिसली, तर बीजाच्या गाडीला फोन करा.